लिंबाच्या पानावरची नागमोडी रेघ: नागअळी शोधायची, ओळखायची आणि डबीत तिचा पतंग काढायचा कसा

आमच्या गॅलरीत कागदी लिंबाची एक कुंडी आहे. सहा वर्षांत तिने मोजून अकरा लिंबं दिलीत, पण पावसाळा लागला की नवती अशी फुटते की बघत बसावं, आणि नवती फुटली की आठवड्याभरात त्या कोवळ्या पोपटी पानांवर चंदेरी नागमोडी रेघा उमटतातच. पहिल्या वर्षी शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं गोगलगाय फिरलीय तुझ्या झाडावरून, रात्री टॉर्च घेऊन बघ." दोन रात्री बघितलं, गोगलगाय काही सापडली नाही. मग एका नर्सरीत पान घेऊन गेले तर तिथल्या माणसाने लांबूनच "ताई, व्हायरस आहे" म्हणून ३५० रुपयांची बाटली हातात दिली, ती मी इमानदारीत तीन वेळा मारली, रेघा जशाच्या तशा. जाणार कशा, पान आतून खरवडलेलं, आणि खरवडणारी अळी तोवर पतंग होऊन उडूनसुद्धा गेलेली. मी रिकाम्या घरावर औषध मारत होते.

तेव्हापासून हा नाद लागला. आता रेघ दिसली की "काय फवारू" विचारायच्या आधी मी आत कोणी आहे का ते बघते, आणि असेल तर ते कोण आहे ते शोधते. कसं शोधायचं ते सगळं खाली लिहिलंय, जरा लांबलंय, पण पहिल्या दोन वर्षांत मी केलेल्या चुका तुमच्या वाचतील. सामान बहुतेक घरातच असतं, खर्च म्हणाल तर एका भिंगाचा.

आधी हे प्रकरण काय ते समजून घ्या

पान म्हणजे पुरणपोळीसारखं समजा, वर एक पापुद्रा, खाली एक पापुद्रा आणि मधे हिरवा गर. काही पतंगांच्या अळ्या इतक्या बारीक आणि चपट्या असतात की त्या पुरणातच राहतात, खात खात पुढे सरकतात आणि पापुद्रे तसेच ठेवतात, म्हणजे घर पण तेच आणि जेवण पण तेच. मागे जो बोगदा राहतो तो आपल्याला रेघ किंवा डाग म्हणून दिसतो. शेतकरी हिला नागअळी म्हणतात, कृषी खात्याच्या पत्रकात "पाने पोखरणारी अळी" असतं.

लिंबावरच्या अळीचं शास्त्रीय नाव फिलोक्निस्टिस सिट्रेला. हे नाव १८५६ साली स्टेन्टन नावाच्या इंग्रज अभ्यासकाने दिलं आणि त्याच्याकडचे नमुने कलकत्त्याहून गेलेले होते, म्हणजे ही बाहेरून आलेली कीड वगैरे काही नाही, आपल्याच भागातली आहे, उलट इथून जगभर पसरली आणि १९९३ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडाच्या संत्रा बागांत पोचली तेव्हा तिकडे मोठा गोंधळ उडाला. हिचं कुटुंब ग्रॅसिलॅरिडी, त्यात जगभरात नोंदलेल्या जाती २ हजारांच्या आसपास, बहुतेक सगळे पान पोखरणारे. पतंग किती मोठा? पंख पसरले तरी ४ मिलिमीटर. बसलेला असताना तांदळाची कणी पडलीय असं वाटतं, म्हणून तो आपल्याला कधी दिसत नाही आणि पानावरची रेघ मात्र दिसते.

पायरी १: सामान

दहापट मोठं दाखवणारं भिंग, सोनार वापरतात तसलं घडीचं, हे मात्र घ्याच, मोबाईलच्या कॅमेऱ्यावर भागवायला जाऊ नका. बाकी झिपवाल्या पिशव्या, हलवायाकडून येतात त्या पारदर्शक डब्या धुऊन, टिश्यू पेपर, शिसपेन्सिल (पेनाची शाई दमट डबीत पसरते, माझं एक अख्खं लेबल गेलंय), रंगाचा शून्य नंबरचा ब्रश, जुनी वर्तमानपत्रं आणि एक पट्टी. हळदीकुंकवाला वाण देतात त्या जाळीच्या पोटल्या घरात पडून असतील तर त्या पण काढून ठेवा, पुढे लागणारेत.

पायरी २: केव्हा आणि कुठे बघायचं

एक गोष्ट डोक्यात पक्की करा, यातल्या बऱ्याच जणींना कोवळं पान लागतं. लिंबावरची मादी साधारण १ ते २ सेंटिमीटर लांबीच्या पानावर, बहुतेक वेळा खालच्या बाजूला मधल्या शिरेजवळ एकेक अंडं घालते, जून झालेल्या कडक पानाकडे ती ढुंकून बघत नाही. म्हणजे झाडाला नवती केव्हा येते ते कळलं की अळी केव्हा सापडेल ते कळलं. लिंबू, मोसंबी, संत्र्याला पावसाळ्यात आणि नंतर हिवाळा ओसरताना नवी पालवी येते तेव्हा बघा. काजूला पाऊस संपल्यावर पालवी येते, मग ऑक्टोबर ते डिसेंबर तिकडे बघायचं. टोमॅटो तर जेव्हा लावाल तेव्हा.

गाडी काढून जंगलात जायची अजिबात गरज नाही. सोसायटीचं कुंपण, देवळामागचा बेल, रस्त्याकडेचा करंज, परसातला टोमॅटो एवढं पुरतं. मी तर रोज भाजी आणायला जाते त्या पाचशे पावलांत बघते. पान उलटून बघायची सवय लावा आणि मग उजेडासमोर धरा.

हा उजेडाचा भाग महत्त्वाचा आहे. पान आकाशाकडे धरलं, किंवा घरात मोबाईलच्या टॉर्चवर ठेवलं, की बोगदा लख्ख दिसतो आणि अळी आत असेल तर ती पण. लिंबाच्या पानात मी पहिल्यांदा बघितली तो क्षण मला अजून आठवतो. रेघेच्या रुंद टोकाला पिवळसर हिरवी, काचेसारखी आरपार, पाय नसलेली एक पट्टी आणि तिचं चपटं डोकं डावीकडे उजवीकडे, डावीकडे उजवीकडे, गवत कापणाऱ्या माणसाच्या विळ्यासारखं फिरत होतं. चहा गार झाला.

काकूंच्या गोगलगायीचा पण इथेच निकाल लावा. ओल्या बोटाने रेघ पुसा. गोगलगायीचा चिकट माग पुसला जातो, बोगदा पुसला जात नाही. आणि करंजाच्या पानावर फुगीर गाठी असतात ना, मुरुमासारख्या, त्या वेगळ्या, त्या कोळी किड्यांमुळे झाडाने स्वतः वाढवलेल्या असतात, उजेडात धरलं तर पोकळ बोगदा न दिसता घट्ट गोळा दिसतो.

पायरी ३: आधी झाड ओळखा, अळी नंतर

नवशिके इथेच घसरतात, मी पण घसरले. पानावरच्या रेघेचे वीस फोटो काढायचे आणि झाड कुठलं ते माहीतच नाही. पण या अळ्या झाडाच्या बाबतीत भयंकर चोखंदळ असतात, एखादी जात एकाच झाडावर, किंवा फार तर त्या झाडाच्या नातेवाइकांवर. त्यामुळे झाड बरोबर ओळखलं की काम अर्ध्याच्या वर झालं. झाड चुकलं तर पुढचं सगळं चुकलं.

लिंबाच्या अळीचं उदाहरण घ्या. ती लिंबू, संत्रं, मोसंबी, ईडलिंबू यांच्यावर असतेच, पण त्याच कुळातल्या बेलावर आणि कुंतीवर पण सापडते. म्हणजे तुमच्या सोसायटीचं सुवासिक फुलांचं कुंतीचं कुंपण आणि तुमचं लिंबू यांच्यात या पतंगाच्या दृष्टीने फारसा फरक नाही. आता बेल म्हटलं की तीन दळं, पण तीन दळं वायवर्णालाही असतात आणि देवळाच्या आवारात दोन्ही झाडं असू शकतात. चुरगळून वास घ्या, लिंबाच्या कुळातल्या पानाला तेलाचा वास येतो आणि उजेडात धरलं तर पानभर सुईने टोचल्यासारखे बारीक पारदर्शक ठिपके दिसतात, त्या तेलाच्या ग्रंथी. वायवर्णाला यातलं काही नाही.

झाड कळत नसेल तर फांदी, पानाचा देठ, फूल, फळ, खोडाची साल असे चार फोटो काढून गावातल्या जाणत्या माणसाला दाखवा. आमच्याकडे हे काम माळीमामा करतात, ते लॅटिन नाव सांगत नाहीत पण झाड कधी चुकत नाहीत.

आपल्याकडे सहज सापडणाऱ्या जोड्या सांगते, म्हणजे सुरुवात सोपी जाईल. काजू आणि आंबा, दोन्ही एकाच कुळातले, यांच्या कोवळ्या पानांवर ॲक्रोसर्कॉप्स सिंग्राम्मा नावाच्या पतंगाची अळी असते, ती रेघ न काढता फोड काढते, पानाचा वरचा पापुद्रा भाजल्यासारखा पांढुरका सुटतो आणि पुढे पान वाढलं की तिथे कागद फाटावा तशी भोकं पडतात. आमच्या आजोळी कुडाळकडे डिसेंबरात काजूच्या बागेत उभं राहिलं की हे असलं पान शोधावं लागत नाही. कुंपणाच्या मोगली एरंडावर स्टोमफॅस्टिस थ्राऊस्टिका, ती पण फोडवाली. दालचिनीचं झाड असेल तर त्यावर लिंबाच्या अळीची चुलत बहीण, तिचं पहिलं नाव पण फिलोक्निस्टिसच. भुईमूग आणि सोयाबीनवरची जी असते ती लहानपणी पान पोखरते आणि मोठी झाली की बाहेर येऊन पानं रेशमाने एकमेकांना चिकटवून त्यात राहते, खरिपात पावसाने ओढ दिली की तिचा जोर वाढतो.

आणि टोमॅटो. याची गोष्ट जरा सांगायलाच हवी. टुटा अब्सोल्युटा हा पतंग मूळ दक्षिण अमेरिकेतला, १९१७ मध्ये पेरूमधल्या नमुन्यावरून त्याला नाव दिलं एडवर्ड मेरिक नावाच्या इंग्लंडमधल्या एका शाळामास्तराने, आणि गंमत म्हणजे वरच्या काजूवाल्या पतंगाला नाव पण त्यानेच दिलेलं. या माणसाने शाळेत शिकवता शिकवता १४ हजारांहून जास्त नव्या जाती लिहून काढल्या, आपल्याकडून, अगदी कारवारहूनसुद्धा, त्याला पतंग पाठवले जायचे. तर तो टुटा २००६ मध्ये स्पेनमध्ये पोचला आणि २०१४ मध्ये भारतात पहिल्यांदा सापडला तो महाराष्ट्रातच, टोमॅटोवर. पानात मोठाले चट्टे, खोडात आणि फळात पण शिरतो. वांगं बटाटा पण चालतो त्याला.

पायरी ४: रेघ वाचायला शिका

हा माझा सगळ्यात आवडता भाग. बोगदा म्हणजे त्या अळीची रोजनिशी असते आणि ती खोडता येत नाही. पान घेऊन बसा आणि रेघेचं बारीक टोक शोधा, केसाएवढं, ती सुरुवात, तिथे अंडं होतं. लिंबात हे बहुतेक मधल्या शिरेजवळ सापडतं. तिथून बोट फिरवत जा. अळी वाढते तशी रेघ रुंद होते, कात टाकली की एकदम थोडी जास्त रुंद. रेघ शिरेपाशी येऊन वळते, कधी स्वतःच्याच जुन्या बोगद्याला समांतर जाते, वेटोळं घालते.

आता बोगद्याच्या आत बघा. लिंबात मधोमध एक काळसर धागा दिसेल, ती तिची शी. ही रेघ कशी पडलीय हे नीट बघून लिहून ठेवा, मधोमध सलग आहे, तुटक आहे, दोन कडांना आहे, का सगळीकडे विखुरलीय, का एका कोपऱ्यात ढीग आहे. ओळखण्यात झाडाच्या खालोखाल हीच गोष्ट उपयोगी पडते. बोगदा वरच्या बाजूला आहे का खालच्या, ते पण लिहा.

रंगाकडे पण बघा. लिंबाची रेघ चांदीसारखी का दिसते? कारण ही अळी गर खातच नाही. तिच्या जबड्याची पाती अशी असतात की ती पापुद्र्याच्या पेशी कापते आणि रस पिते, बास. हिरवा गर खाली शाबूत राहतो, वरचा पापुद्रा सुटा होतो, मधे हवा जाते आणि ती चमकते. गर खाणाऱ्या अळ्यांचा बोगदा मात्र आरपार पारदर्शक किंवा तपकिरी होतो. आणि लिंबावरची शेवटच्या अवस्थेतली अळी तर काहीच खात नाही, तिला खायला तोंडच धड राहत नाही, ती फक्त रेशीम काढते, पानाच्या कडेला जाऊन कड आत मुडपते आणि त्या घडीत कोष करते. लिंबाची पानं कडेने मुडपलेली दिसतात ना, "पान आकसलं" म्हणतात, त्यातलं बरंचसं हे असतं.

आता मूळ प्रश्न, घरात कोणी आहे का? कडेची घडी बंद आणि भरीव दिसतेय, तर कोष आत आहे. घडीतून एक रिकामी तपकिरी टरफलासारखी नळी अर्धी बाहेर लोंबतेय, तर पतंग गेला. घडीवर किंवा बोगद्यावर टाचणीने टोचल्यासारखं गोल भोक आहे, तर तिथून पतंगाऐवजी दुसरंच कोणीतरी बाहेर पडलंय, त्याचं पुढे सांगते. बोगदा मधेच थांबलाय आणि आत सुकलेली अळी आहे, तर तिचं तिथेच संपलं. आणि पापुद्रा फाडलेला असेल तर मुंगी किंवा कोळी येऊन जेवून गेलाय.

पायरी ५: पतंग आहे का माशी?

पान पोखरतात ते सगळे पतंगच असं अजिबात नाही. टोमॅटो, चवळी, वाल, झेंडू, शेवंती, एरंड, काकडी यांच्यावर ज्या पांढऱ्या नागमोडी रेघा सर्रास दिसतात ना, त्या बहुतेक लिरिओमायझा नावाच्या पिटुकल्या माशीच्या, आणि तिलाही लोक नागअळीच म्हणतात, म्हणून घोळ होतो. भातावर तर काटेरी भुंग्याच्या अळ्या पान पोखरतात.

फरक भिंगाखाली कळतो. माशीच्या अळीला डोकं म्हणून काही नसतं, पिवळा टोकदार ठिपका आणि टोकाला काळे आकडे, ते पुढे मागे होत असतात. पतंगाच्या अळीला नीट डोकं असतं, बऱ्याचदा तपकिरी, पाचरीसारखं. माशीची अळी आलटून पालटून कुशीवर पडून खाते म्हणून तिची शी एकदा या कडेला एकदा त्या कडेला अशी पडते. शिवाय ही माशी कोष करायला बहुतेक वेळा पानाबाहेर येते आणि पिशवीच्या तळाशी तपकिरी पिंपासारखे बारीक दाणे पडलेले मिळतात. माझ्या पहिल्या "यशस्वी" डबीतून वालाच्या पानातल्या सात माशा निघाल्या होत्या, मी महिनाभर पतंगाची वाट बघत होते.

टोमॅटोवर दोन्ही एकत्र असू शकतात हे लक्षात ठेवा. बारीक नागमोडी रेघ असेल तर माशी, पसरट चट्टा आणि त्याच्या एका बाजूला साठलेली काळी शी असेल तर टुटाचा संशय घ्यायचा. टुटाची अळी एका चट्ट्यातून बाहेर पडून दुसरीकडे नवा काढू शकते, लिंबावाली तसं करू शकत नाही, तिचं सगळं आयुष्य एका पानात एका बोगद्यात.

पायरी ६: डबीत पतंग काढायचा

खात्रीने नाव सांगायचं तर पतंग हातात पाहिजे, त्यामुळे अळी वाढवायलाच लागते. इथे मी सगळ्यात जास्त वेळा आपटलेय. पहिला नियम, लहान अळीचं पान तोडून आणू नका. पान दोन तीन दिवसांत वाळतं, अळीचं जेवण संपतं आणि ती दुसऱ्या पानात जाऊ शकत नाही. लिंबात फक्त कड मुडपलेली पानं आणा, म्हणजे खाणं झालेलं असतं, आता फक्त कोषातून बाहेर यायचं राहिलंय. अळी लहानच असेल आणि झाड तुमचंच असेल तर वाणाची ती जाळीची पोटली फांदीवर चढवा, दोरी हलकेच आवळा, सगळं तिथेच होऊ द्या. आमच्याकडे आलेल्या पाहुण्यांना वाटतं मी लिंबाला नवस बोललेय.

डबीत आणलंत तर तळाला टिश्यूची घडी, वर पान, झाकण बंद. टिश्यू किंचित दमट पाहिजे, ओला नको. यातला तोल सांभाळणं हेच खरं कौशल्य, कोरडं पडलं तर कोष सुकतो, ओलं झालं तर बुरशी. पहिल्या जुलैत माझ्या नऊच्या नऊ डब्यांत पांढरी बुरशी आली, घरात सगळ्यांनी नाक मुरडलं आणि आईने डब्या थेट बाहेर ठेवल्या. तेव्हापासून पावसाळ्यात टिश्यूला पाणी घालतच नाही, हवेतला दमटपणा पुरतो. रोज सकाळी झाकण उघडून वारा द्यायचा, झाकणाला आतून थेंब धरले तर पुसायचे, टिश्यू ओलसर लागला तर बदलायचा. एका डबीत एकाच झाडाची पानं, आणि तीही दोन तीनच. डबी उन्हात ठेवायची नाही, फ्रीजवर तर नाहीच नाही, तिथे गरम असतं.

काजूचं तंत्र वेगळं आहे आणि हे मला कोणी सांगितलं नव्हतं. ती अळी आधी पांढुरकी असते, पूर्ण वाढली की लाल होते, आणि मग पानातून बाहेर पडून खाली मातीत कोष करायला जाते. मी कुडाळहून पानं आणून नेहमीसारखी टिश्यूवर ठेवली, दुसऱ्या दिवशी बघते तर कुंकवाचे दाणे चालावेत तशा लालचुटूक अळ्या डबीच्या कडेकडेने फिरतायत, माती शोधतायत, आणि संध्याकाळपर्यंत बऱ्याचशा मेल्या. पुढच्या वर्षी डबीत दोन बोटं चाळलेली माती घातली, आधी तव्यावर भाजून गार केलेली म्हणजे बुरशी आणि इतर किडे नकोत, वर पाण्याचा हलका फवारा, आणि त्यावर पान. अळ्या आपल्या आपण खाली उतरून गडप झाल्या. त्यामुळे एखाद्या झाडाची अळी काय करते ते माहीत नसेल तर सरळ अर्ध्या डबीत माती आणि अर्ध्या डबीत टिश्यू ठेवा, तिचं तिला ठरवू द्या.

लिंबाचं अंड्यापासून पतंगापर्यंत सगळं मिळून १३ ते ५२ दिवस लागू शकतात, गरमीत पटकन आणि थंडीत रेंगाळत. म्हणजे कड मुडपलेलं पान आणलंत तर आठवडा दोन आठवडे धरा, थंडीत जास्त. पतंग बहुतेक सकाळी सकाळी झाकणाला आतून बसलेला मिळतो. रुपेरी पांढरा, पंखाच्या टोकाला एक काळा ठिपका, मागे झालरीसारखे केस. झाकण उघडलं की भुर्र होतो म्हणून आधी अख्खी डबी फ्रीजमध्ये पाच सात मिनिटं ठेवा, फ्रीजरमध्ये नाही बरं का, खालच्या कप्प्यात. तो सुस्त होतो, तेवढ्यात ब्रशने पांढऱ्या कागदावर घ्या, शेजारी पट्टी ठेवा आणि फोटो काढा. दोन मिनिटं मिळतात.

पायरी ७: नोंद आणि पान दाबून ठेवणं

प्रत्येक डबीत शिसपेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी आतच टाकायची, वर चिकटवायची नाही, झाकणं बदलतात. तारीख, जागा, झाड, पानाची कुठली बाजू, शी कशी, आत अळी का कोष, आणि बाहेर आल्याची तारीख. फोटो तीन काढा, झाडाचा, पानाचा उजेडासमोर, आणि पतंगाचा. आयनॅचरलिस्टवर (झाडं-किड्यांच्या नोंदी टाकायची वेबसाइट) टाकायचे तर तिन्ही एकाच नोंदीत टाका, नुसत्या रेघेचा फोटो तिथे वर्षानुवर्षं नाव न लागता पडून राहतो.

आणि रिकामं पान फेकू नका, वर्तमानपत्रात दाबून ठेवा, पावसाळ्यात कागद रोज बदला नाहीतर काळं पडतं. दाबलेल्या पानाची किंमत किती असते ते सांगते. लंडनजवळ राहणाऱ्या माझ्या मावसभावाने एकदा ऑगस्टमध्ये फोटो पाठवला, रस्त्याकडेची हॉर्स चेस्टनटची झाडं ऐन उन्हाळ्यात भाजल्यासारखे तपकिरी. ते काम कॅमेरारिया ओह्रिडेला या नागअळीचं, तिला नाव मिळालं १९८६ मध्ये, आताच्या उत्तर मॅसिडोनियातल्या ओह्रिड तळ्याकाठच्या झाडांवरून, आणि इंग्लंडमध्ये ती पहिल्यांदा दिसली २००२ मध्ये लंडनच्या विम्बल्डन भागात. मूळची कुठली यावर बरीच वर्षं वाद होता. मग अभ्यासकांनी जुन्या संग्रहातली दाबलेली पानं काढून बघितली तर ग्रीसमध्ये १८७९ साली तोडलेल्या पानात तीच अळी पानाबरोबर चपटी होऊन बसलेली सापडली. पान गोळा करणाऱ्याला ती तिथे आहे हे माहीत पण नसणार.

मग लिंबाचं काय करायचं?

मोठं झाड असेल तर बहुतेक वेळा काहीच नाही, खरंच. जुनी पानं शाबूत असतात, झाड त्यावर चालतं. पोखरलेलं पान दिसतं वाईट म्हणून ओरबाडून काढू नका, त्याचा हिरवा गर अजून काम करतोय आणि तोडलंत की झाड परत कोवळी नवती काढतं, म्हणजे पतंगाला परत आमंत्रण. बुंध्यातून सरळसोट वाढणारे पाणसोट मात्र काढा, त्यांना सतत कोवळी पानं येत राहतात. युरियाचा मारा बंद करा. छोटं रोप असेल, किंवा पानांवर खडबडीत तपकिरी खैऱ्याचे डाग पण दिसत असतील तर जरा मनावर घ्या, कारण खैऱ्याच्या जिवाणूला बोगद्याच्या जखमेतून आत शिरणं सोपं जातं.

फवारायचंच तर ५ टक्के निंबोळी अर्क, आणि तो नवती बोटभर फुटताना, रेघा दिसल्यावर नाही. ५० ग्रॅम निंबोळीच्या बिया कुटून रात्रभर थोड्या पाण्यात भिजवा, सकाळी फडक्यातून गाळा, पाणी घालून १ लिटर करा, चिमूटभर साबण घाला, संध्याकाळी पानाच्या दोन्ही बाजूंना मारा. कड मुडपलेल्या पानावर काहीही मारून उपयोग नाही, आतल्याला लागत नाही. टोमॅटोचं शेत असेल आणि टुटा असेल तर ती वेगळी लढाई आहे, तिथे कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारे) लावून आधी पतंग किती येतायत ते बघतात आणि पोखरलेली पानं फळं गोळा करून नष्ट करतात, त्यासाठी तुमच्या भागातल्या कृषी विज्ञान केंद्रात पान घेऊन जा.

ते गोल भोक राहिलं होतं ना. बऱ्याच वेळा डबीत पतंगाऐवजी एक काळसर, चमकणारी, स्वल्पविरामाएवढी माशी निघते. ती माशी नसून परजीवी गांधील आहे, तिची अळी नागअळीला खाऊन मोठी होते. लिंबावरच्या अळीसाठी सिट्रोस्टिकस फिलोक्निस्टॉइडिस ही आपल्याकडचीच एक, आणि फ्लोरिडाने १९९४ मध्ये याच कामासाठी मूळ थायलंडची दुसरी, एजिनियास्पिस सिट्रिकोला, ऑस्ट्रेलियामार्गे मुद्दाम नेऊन सोडली होती. माझी ती ३५० ची बाटली बहुधा याच गांधिलींना भोवली असणार, कारण अळ्या एकतर पतंग होऊन उडून गेलेल्या नाहीतर आत सुरक्षित, आणि या बाहेर पानावर फिरत होत्या. आता डबीत गांधील निघाली की फोटो काढून तिला परत लिंबावर सोडते.

पतंग निघाला की मात्र घरात वाद होतो, आई म्हणते मार, मला मारवत नाही. मी तो गुपचूप खाली नेऊन सोसायटीच्या कुंतीच्या कुंपणावर सोडते. काकूंना यातलं काही बोलू नका, त्यांच्या ईडलिंबाची कुंडी तिथून चार पावलांवर आहे.